तीन दिवसांची राखण

"बाळ धरतच नाहीये."

महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात रात्री दहानंतर जाऊन बसा, हे वाक्य कानावर पडेलच. बाळाला जन्मून सात-आठ तास झालेले असतात. ते रडतं, छातीशी नेलं की पाठ ताणून मागे जातं, तोंड फिरवतं, नाहीतर गाल स्तनाला टेकताच गाढ झोपून जातं. आई घामाघूम झालेली असते. एका हाताला सलाइन, खाली टाके, कंबरेत कळ. आजी म्हणते, "हिला दूधच उतरलेलं नाही अजून." मावशी म्हणतात, "निपल आत आहेत, कसं धरणार?" मग बाळाच्या बाबाला खाली मेडिकलमध्ये पिटाळलं जातं. दहा मिनिटांत पावडरचा डबा, बाटली आणि गरम पाण्याचा थर्मास हजर. बाळ बाटली ओढतं, झोपतं आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आईच्या मनात मात्र एक गोष्ट रुतून बसते: माझ्या बाळाने मला नको म्हटलं.

त्या रात्री कुणीही वाईट वागलेलं नसतं. प्रत्येकाला बाळाची काळजीच असते. तरीही पुढचे सहा महिने बाळ अंगावर पिणार की डब्यावर वाढणार, हे बऱ्याचदा त्या दहा मिनिटांत ठरून जातं. मी स्तनपान समुपदेशनाचं काम करते, आणि बाळ महिन्याचं झाल्यावर रडत येणाऱ्या बाया बोलू लागल्या की गोष्ट जवळजवळ नेहमी पहिल्या, दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या रात्रीपाशी जाऊन थांबते. हे तीन दिवस आपल्या हातून निसटत चालले आहेत. ते राखायला माणसं हवी आहेत, आणि ती तुमच्यातूनच यायची आहेत.

तीनच दिवस का, ते आधी सांगते. वार पडली की आईच्या शरीरातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिनला मोकळं रान मिळतं. पण छाती भरून यायला त्यानंतरही दोन ते तीन दिवस जातात. पहिलटकरीण असेल, सिझेरियन झालं असेल, मधुमेह असेल तर आणखी थोडा वेळ. तोवर स्तनात असतो तो चीक. घट्ट, पिवळसर, चमच्याने मोजावा इतकाच. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक पोटात गेला तरी बाळाचं भागतं, कारण त्याच्या पोटाची झेपही तेवढीच असते. म्हणजे पहिल्या रात्री "दूध नाही" हे निदानच चुकीचं आहे. जेवढं असायला हवं तेवढं तिथे असतं. स्तनातून जेवढं निघेल तेवढं नवं बनतं, हा शरीराचा हिशेब. बाळाने ओढलं नाही आणि कुणी हातानेही काढलं नाही, तर छातीला मागणीच कळत नाही. इकडे बाटलीतून ओठ हलवताच दूध तोंडात पडत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, ताणाने बोंड सपाट होतं, आणि ज्याला धरायला आधीच जड जात होतं त्या बाळाच्या तोंडात आता काहीच मावत नाही. आठवड्याभराने घरात शिक्का बसतो, "हिचं दूध आटलं." मुळात ते मागितलंच गेलेलं नसतं.

आणि बाळ नको म्हणत नसतं, हे तर ठणकावून सांगायला हवं. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८७ साली नोंदवून ठेवलं, की जन्मल्या जन्मल्या आईच्या उघड्या पोटावर ठेवलेलं निरोगी बाळ काही वेळाने हातपाय हलवू लागतं, स्वतःची मूठ चोखतं, पायांनी रेटा देत वर सरकतं, वासाच्या मागाने स्तनापर्यंत पोचतं आणि साधारण तासाभरात स्वतःहून बोंड तोंडात घेतं. इंग्रजीत याला ब्रेस्ट क्रॉल म्हणतात. डॉ. प्रशांत गांगल आणि महाराष्ट्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफबरोबर काम करून ही पद्धत आपल्याकडच्या प्रसूतिगृहांपर्यंत नेली. ज्यांनी ते दृश्य एकदा पाहिलं आहे, ते "बाळाला ओढता येत नाही" असं पुन्हा सहज बोलत नाहीत.

मग आपण काय करतो? नाळ कापली की बाळ वॉर्मरखाली. तोंडात सक्शनची नळी. पुसणं, वजन, पायाचा ठसा, इंजेक्शन, दुपट्यात घट्ट गुंडाळणं. दारात फोटो. सिझेरियन असेल तर आई टाके पूर्ण होईपर्यंत आत आणि बाळ आत्याच्या मांडीवर. बाळ सर्वांत जागं, सर्वांत तयार असतं तो पहिला तास यात जातो, आणि त्यानंतर येते बऱ्याच तासांची गाढ झोप. नेमकं त्या झोपेत आपण त्याला छातीशी धरतो आणि म्हणतो, धरत नाही!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यांत झाल्याचं दिसलं. जन्मानंतरच्या पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. इतकी वर्षं आपण बोट दाखवलं ते चीक पिळून टाकणाऱ्या खेड्यातल्या सासूकडे. आज बाळंतीण डॉक्टरांच्या, नर्सच्या नजरेखाली आहे, दिवे आहेत, यंत्रं आहेत, तरीही पहिला तास हुकतो. त्याच सर्वेक्षणात खासगी दवाखान्यांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनच्या होत्या. सिझेरियन झालेल्या बाईलाही टेबलावर असतानाच बाळ गालाशी, छातीशी देता येतं. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक जास्तीचं माणूस लागतं.

पहिला तास गेला म्हणून सगळं गेलं असं मात्र नाही, आणि या लेखात मला सर्वांत जोर द्यायचा आहे तो याच मुद्द्यावर. दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, अगदी पंधरवड्यानंतरही बाळ छातीला लागू शकतं. तोवर तीन कामं चालू राहायला हवीत: बाळाचं पोट भरणं, आईच्या छातीतून दूध निघत राहणं, आणि बाळाला छातीजवळ राहणं सुखाचं वाटणं.

तिसऱ्या कामाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून तिथून सुरुवात करते. बाळाचं दुपटं सोडा. फक्त लंगोट आणि टोपरं राहू द्या. आईला चाळीस-पंचेचाळीस अंशांत मागे रेलून बसवा, पाठीला उशा द्या, गाऊन पुढून उघडा करा. बाळ तिच्या उघड्या छातीवर पालथं, दोन्ही स्तनांच्या मधे, मान एका बाजूला वळलेली, नाक मोकळं, नजरेसमोर. वरून चादर. आणि मग पाजायचा प्रयत्नच करू नका. तासभर राहू द्या. आईला गुंगी असेल तर शेजारी जागं माणूस हवंच. बाळ उबेत येतं, श्वास संथ होतो. थोड्या वेळाने ते जिभेने ओठ चाटू लागतं, मूठ तोंडाकडे नेतं, डोकं डावी-उजवीकडे हलवून शोधू लागतं. ही भुकेची खरी वेळ. रडणं ही फार उशिराची खूण आहे, आणि रडून लाल झालेलं बाळ काही शिकू शकत नाही. त्याला आधी शांत करा, चमचाभर चीक द्या, मग छातीशी घ्या.

एक गोष्ट आजपासून बंद व्हायला हवी: बाळाचं डोकं मागून धरून स्तनावर दाबणं. करणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण मागून दाबलं की बाळ उलट मागे रेटतं आणि दोन-चार वेळा असं झालं की छातीजवळ नेताच रडायला लागतं. त्याला आपण हट्टी म्हणतो, खरं तर ते घाबरलेलं असतं. आधार द्यायचा तो मानेला आणि खांद्यांना. डोकं मागे झुकायला मोकळं हवं.

आता प्रत्यक्ष धरण्याविषयी. वडापावचा मोठा घास घेताना आपण पाव दोन बोटांत दाबून चपटा करतो, खालचा जबडा आधी टेकवतो आणि मग वरचा ओठ पलीकडे नेतो. बाळालाही तसाच घास द्यायचा. डाव्या स्तनावर पाजायचं असेल तर बाळ उजव्या हातावर, पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. डाव्या हाताने स्तन खालून इंग्रजी यू अक्षरासारखा धरून किंचित चपटा करायचा. बोंड बाळाच्या तोंडासमोर नको, नाकासमोर हवं. वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श होऊ द्या आणि वाट पाहा. बाळ मान किंचित मागे टाकून जांभई देताना उघडावं तेवढं तोंड उघडेल. त्या क्षणी बाळाला स्तनाकडे आणा; स्तन बाळाकडे ओढून नेऊ नका. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बोंडापासून बराच खाली लागतो, बोंड टाळूकडे जातं. नीट लागलं असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, काळा भाग वरून जास्त आणि खालून कमी दिसतो, गालांना खळी पडत नाही, आणि आईला ओढ जाणवते पण टोचत नाही. दुखत असेल तर बाळाच्या हिरड्यांच्या मधे बोट घालून बाळ सोडवा आणि पुन्हा लावा. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेखालून घेता येतं, कुशीवर झोपूनही पाजता येतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात हे सगळं मराठीतून दाखवणाऱ्या चित्रफिती आहेत. सातव्या-आठव्या महिन्यातच त्या पाहून ठेवल्या तर बाळंतपणाच्या रात्री पहिल्यांदा शिकायची पाळी येत नाही.

एवढं करूनही बाळ लागलं नाही तर? तर हाताने चीक काढायचा. पंप आणायला कुणी धावू नये. पहिल्या दोन दिवसांचा घट्ट चीक पंपाच्या नळ्यांनाच चिकटून राहतो. हात साबणाने धुवा, स्टीलचा छोटा चमचा उकळून घ्या. स्तनाला दोन मिनिटं हलक्या हाताने चोळा. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोनेक बोटं मागे, काळ्या भागाच्या कडेला. आधी सरळ मागे, फासळ्यांकडे दाबा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा. मग सोडा. कातडीवरून बोटं घसरवू नका, बोंड चिमटू नका. दाबा, जवळ आणा, सोडा. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि इथेच सगळे हात टेकतात. थांबू नका. बोंडाच्या टोकावर गर्द पिवळा ठिपका येतो, मग शेजारच्या छिद्रातून दुसरा. ते थेंब घरंगळून चमच्याच्या खोलगटात जमतात आणि चमचा अर्धा होतो. ज्या आईला दिवसभर "तुला दूध नाही" असं ऐकवलेलं असतं, तिला तो अर्धा चमचा डोळ्यांनी दाखवा. हजार शब्दांनी येणार नाही एवढा धीर तिला त्याने येतो.

तो चीक बाळाला अर्धवट बसतं धरून द्यायचा. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, ओतायचा नाही. बाळ जिभेने चाटून घेतं. दूध वाढलं की वाटी किंवा बोंडलं घ्या. आपल्या कितीतरी घरांत चांदीचं बोंडलं बारशाला आलेलं असतं आणि कपाटात काळं पडत असतं. स्वच्छ घासून, उकळून, चोचीतून पाणी आरपार जातंय ना ते बघून वापरायला काढा. दर दोन-तीन तासांनी, चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, हे चक्र चालवा: थोडा वेळ छातीवर, धरलं तर उत्तम, नाही धरलं तर हाताने काढून चमच्याने, आणि पुन्हा छातीवर. थकवणारं काम आहे. एकट्या बाळंतिणीने ते करावं अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे, आणि माझं सगळं म्हणणं शेवटी तिथेच येतं.

बाळ न धरण्याची कारणं पुष्कळ असतात आणि बहुतेकांना वाट आहे. ३५-३६ आठवड्यांचं बाळ दिसायला पूर्ण वाढीचं असतं, पण दोन घोटांत दमून झोपतं. त्याला उठवून पाजावं लागतं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून जन्मलेल्या बाळाला एका कुशीवर दुखत असतं, तर दुसऱ्या कुशीवर ते नीट पितं. सलाइनने बाळंतिणीची छाती सुजते आणि बोंड बुडतं. पाजण्याआधी बोंडाभोवती बोटांनी मिनिटभर मागे दाबून धरलं की ते मोकळं होतं. बोंड खरंच आत ओढलेलं असेल तर कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला साधा उपाय आहे: सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा, गुळगुळीत बाजू स्तनावर टेकवून हळूच ओढायचं. मोठाल्या दवाखान्यांच्या नर्स आजही हा उपाय करतात. छोट्या गावांत तो पोचलेला नाही. जिभेखालचा पडदा आखूड असेल तर तो कधी कधी कापावा लागतो, पण त्याआधी कुणीतरी बसून एक पूर्ण पाजणं पाहिलेलं असलं पाहिजे.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. अंगावर पाजण्याचा आग्रह बाळाच्या जिवापेक्षा मोठा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्या बायांना जंतुसंसर्गाच्या ज्या खुणा शिकवल्या होत्या त्यांतली एक अशी: आधी नीट ओढणारं बाळ मंद ओढू लागतं किंवा ओढणंच सोडतं. तेव्हा कालपर्यंत पिणारं बाळ आज पिईनासं झालं, निपचित पडलं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे झाले, तर पाजण्याची स्थिती बदलत बसू नका, तडक दवाखाना गाठा. बाळाची साखर उतरली असेल, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं असेल, तर डॉक्टर वरचं दूध सांगतील आणि ते द्यायलाच हवं. पसंतीचा क्रम मात्र ठरलेला आहे. आधी आईचं काढलेलं दूध. ते पुरलं नाही तर दूधपेढीतलं. तेही नसेल तर पावडरचं, तेवढ्याच गरजेपुरतं, आणि शक्यतो वाटी-चमच्याने. ज्या आयांना खरोखर दूध कमी येतं त्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

दूधपेढीचं नाव निघालं की अभिमानाने सांगावं असं काही आपल्याकडे आहे. आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू केली. धारावीसारख्या वस्त्यांतल्या कष्टकरी बाया जिथे बाळंत होतात, त्या पालिकेच्या दवाखान्यात. स्तनपानाच्या बाजूने देशभर लढणारी बीपीएनआय ही संस्था ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाली. १९९२ साली देशात कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करणं, आईला फुकट नमुना देणं, त्यासाठी दवाखान्याचा वापर करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरी जाताना तुमच्या पिशवीत कुणी 'भेट' म्हणून डबा ठेवला, तर परत द्या आणि लेखी तक्रार करा. ही वाट या भूमीतल्या माणसांनीच घालून दिली आहे. पुढच्या पिढीने ती मोडू द्यायची का?

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. चीक पिळून फेकणं, मधाचं बोट चाटवणं, पहिल्या दिवसापासून गुटी उगाळणं, हे जुन्यातलंच होतं आणि ते घातक होतं. मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला देऊ नये. पण जुन्यात एक गोष्ट होती: बाळंतिणीच्या शेजारी बसलेली एक अनुभवी बाई. तिला घाई नसे. ती बाळ उचलून या कुशीचं त्या कुशीला करी, उशी सरकवी, "येईल गं, होईल" म्हणे. आज बाळंतिणीच्या उशाशी आजी असते, पण अनेक आज्यांनी स्वतःची मुलं डब्यावर वाढवलेली आहेत, त्यांना कुणी शिकवलंच नाही. नर्स एकटीच असते, तिच्याकडे अख्खा वॉर्ड, शिवाय लेबर रूमची हाक. ती जागा रिकामी आहे, आणि तिथे बाटली येऊन बसली आहे.

रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या हिरकणीच्या नावाने आपण एसटी स्थानकांवर, कचेऱ्यांत कक्ष उघडले. फार चांगलं केलं. प्रवासातल्या आईला आडोसा हवाच. पण ज्या बाळाने अजून एकदाही छाती धरलेली नाही, त्याच्या आईला आडोशाहून आधी माणूस हवं आहे, आणि तेही प्रसूतीच्या वॉर्डात, रात्रपाळीला.

म्हणून ज्यांच्या हाती काही आहे त्या प्रत्येकाकडे मागणं आहे. प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टरांनो, सोनोग्राफीच्या नव्या यंत्राआधी स्तनपानाचं प्रशिक्षण घेतलेली एक नर्स नेमा, जिचं काम फक्त बाळ-बाळंतिणीजवळ बसणं असेल. औषधाच्या कागदावर "टॉप फीड" लिहिण्याआधी एकदा तिला पाठवा. पहिल्या तासात बाळ आईच्या अंगावर ठेवा, वजन नंतर होईल. आंघोळ दुसऱ्या दिवसावर ढकला. सरकारने २०१६ साली स्तनपानासाठी 'मा' कार्यक्रम सुरू केला, तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या स्तनपान सप्ताहाच्या फलकांपुरता उरू नये. जिल्हा रुग्णालयांतल्या परिचारिकांची रिकामी पदं भरली नाहीत तर कुठलाच कार्यक्रम बाळंतिणीच्या खाटेपर्यंत येणार नाही. आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना हे विचारायला हवं, पुन्हा पुन्हा. नवजात विभागांनी आईला काचेबाहेर उभं करणं थांबवावं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीला बांधून ठेवल्याने त्यांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. दार उघडायला याहून मोठं कारण काय हवं?

आज्यांनो, तुमचा शब्द घरात चालतो. "दूध नाही" हे वाक्य पहिले तीन दिवस तोंडातून काढू नका. त्याऐवजी किती वेळा शू झाली ते मोजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, काळी शी पिवळी झाली असेल, तर बाळाचं पोट भरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, आणि दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाला परत येतं. बाबांनो, तुम्ही मेडिकलकडे धावू नका, दाराशी उभे राहा. बाळ बघायला येणाऱ्यांना बारशाचं आमंत्रण द्या आणि परत पाठवा. चमचा उकळा, आईच्या पाठीमागची उशी नीट करा, पहाटे तीनला उठून बाळ तिच्या हातात द्या. आशाताई तिसऱ्या दिवशी घरी येते तेव्हा तिला चहा पाजून वाटेला लावू नका. एक पाजणं पूर्ण होईपर्यंत तिला बसवून घ्या, दाखवा, विचारा.

आणि ज्या बायांनी हे सगळं सोसून बाळ अंगावर पाजलं आहे, त्यांनी आपल्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या, भावकीतल्या पुढच्या बाळंतिणीकडे जाताना झबलं-टोपरं न्या न न्या, दोन तास घेऊन जा. हात धुऊन तिच्या शेजारी बसा. तुम्हाला सगळं येत असण्याची गरज नाही. फक्त ती आणि बाळ दमेपर्यंत तुम्ही दमायचं नाही.

पोटुशी असलेल्या प्रत्येक लेकीसाठी, सुनेसाठी नाव नोंदवायला जाल तेव्हा खोलीचं भाडं आणि पॅकेज विचारण्याआधी काउंटरवर हे प्रश्न विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. बाळ जन्मल्यावर किती मिनिटांत आईच्या अंगावर देता? सिझेरियन झालं तरी देता का? बाळाने धरलं नाही तर पहिल्या रात्री आमच्या मुलीजवळ कोण बसेल, आणि तिचं नाव काय?